मिठाची शेड तळ्याकाठी नको? मग मीठ येतं कुठून ते आधी बघा

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: बर्फ वितळवायला हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात ते मीठ साठवायची शेड तळ्याजवळ मंजूर झाली म्हणजे तळं मेलंच समजा, चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी नासवतं, इथे तर टनांनी साठणार, झोनिंग बोर्डाने (कुठे काय बांधायचं ते बघणाऱ्या गावच्या मंडळाने) नकार दिला की विषय संपला, आणि मिठाऐवजी वाळू टाका.

चमच्याचं गणित बरोबर आहे. गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी मिठातल्या क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम, असं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, १९८८ साली ठरवलं. पाच गॅलनमध्ये चमचाभर मीठ टाकलं की पाणी त्याच्या आसपास पोचतं. क्लोराइड कुजत नाही, आणि तळ्यातून ते काढणं कुणालाच परवडत नाही.

पण तो चमचा तळ्यात पडतो कुठून? लेक प्लॅसिड गावातल्या मिरर लेकचं उदाहरण घ्या. तिथे मीठ आलं ते रस्त्यांवरून, पावसाळी पाण्याच्या पाइपांतून थेट तळ्यात. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. एरवी वसंतात वारा वरचं-खालचं पाणी ढवळून काढतो आणि तळापर्यंत ऑक्सिजन जातो. २०१७ च्या वसंतात ते ढवळणंच पुरतं झालं नाही. थंड पाण्यातल्या लेक ट्राउट माशांना वर ऊब आणि खाली गुदमर. अॅडिरॉन्डॅकमध्ये, म्हणजे राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, विहिरी तपासल्या तेव्हाही राज्य महामार्गाच्या उताराखालच्या निम्म्याहून जास्त विहिरींत सोडियम वाढलेलं निघालं. फॉरवर्डमध्ये रस्त्यांबद्दल एक ओळ नाही.

आता शेड. खरी भीती उघड्या ढिगाची. पावसात भिजणाऱ्या ढिगाचं पाणी झिरपत राहतं, आणि पक्की फरशी, वर छप्पर ही व्यवस्था त्याच्यावरचाच उपाय आहे. शेडला विरोध करून जुना ढीग ताडपत्रीखाली तसाच राहणार असेल, तर आपण तळ्याचं भलं करतोय की वाईट?

शेड निर्दोष असते असं मात्र नाही. गळतं ते दारात. वादळाच्या रात्री लोडर बकेट भरून बाहेर येतो, ट्रकमध्ये ओततो, थोडं बाजूला सांडतं, टायरखाली कुटलं जातं. बर्फ वितळला की त्या अंगणातून पांढरा ओघळ नाल्याकडे जातो. भरणी आत, छपराखाली होते की बाहेर, यावर बरंच काही ठरतं. इमारत तळ्यापासून किती फूट, याच्याइतकंच तिचं अंगण कुठे उतरतं ते बघायला हवं.

‘लांब हलवा’ म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, कुणाच्या विहिरीशेजारी? (गंमत म्हणजे या राज्यातलं काही मीठ निघतं ते कयुगा तळ्याच्याच खालच्या खाणीतून.)

बोर्डाच्या नकाराचंही तसंच. झोनिंग बोर्ड जागेचा वापर, सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर), उंची बघतं. शेड काउंटीची किंवा दुसऱ्या सरकारी यंत्रणेची असेल तर गावचं झोनिंग तिला आपोआप लागू होत नाही: १९८८ च्या मन्रो काउंटी विरुद्ध रॉचेस्टर शहर या खटल्यापासून न्यूयॉर्कमध्ये दोन्हीकडचं सार्वजनिक हित तोललं जातं. पर्यावरणाचा आढावा राज्याच्या वेगळ्या कायद्याखाली, सेक्राखाली होतो. तिथे मुद्देसूद लिहून दिलेली हरकत घोषणांपेक्षा जड भरते.

वाळूचं म्हणाल तर वाळू बर्फ वितळवत नाही, आणि ढीग गोठू नये म्हणून तिच्यातही थोडं मीठ मिसळतातच. शिवाय ती ओढ्यांत गाळ होऊन बसते.

सुनावणीला जा, जरूर जा. भरणी छपराखाली करण्याची अट मागा, अंगणातलं पाणी नाल्यात न सोडता साठवण्याची मागा, आणि दर हिवाळ्यात दर मैलाला किती मीठ टाकलं याचा हिशेब गावाने जाहीर करावा असंही मागा. तो आकडा कमी झाला तर साठवायला लागणारी शेडही लहान होईल.