‘साठ हजाराची पुडी आयुष्यभर घ्या’ या सल्ल्याचा प्रतिवाद

गेल्या वर्षभरात एक संदेश वेगवेगळ्या नातलगांकडून माझ्याकडे पुन्हा पुन्हा आला आहे. त्याचा मथितार्थ असा: भारतात प्रत्येकालाच ड जीवनसत्त्वाची कमतरता आहे, म्हणून तपासणीच्या फंदात न पडता साठ हजार एककांची (पुडीवर छापलेले ‘आययू’) पुडी दर आठवड्याला आयुष्यभर घ्यावी. जास्तीचे ड लघवीवाटे निघून जाते. रक्तातले कॅल्शियम वाढले तर हाडे मजबूत झाली असे समजावे, आणि पॅराथायरॉईडचा (रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या मानेतल्या ग्रंथींच्या संप्रेरकाचा) आकडा वाढलेला असेल तर तोही याच पुडीने उतरतो. पुडीमुळे हृदयविकार आणि कर्करोग दूर राहतात. ज्यांना पुडी नको त्यांनी सकाळी सातचे कोवळे ऊन आणि गव्हाच्या दाण्याएवढा चुना घ्यावा. प्रयोगशाळेत रक्ताचे अहवाल तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि या संदेशावर विसंबल्यामुळे माझ्या सख्ख्या आत्याचे दुखणे दीड वर्ष लांबले. त्यामुळे त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

संदेशातला खरा भाग आधी मान्य करतो. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००० साली धडधाकट माणसांमध्येही ती दाखवून दिली होती. लहान मुलांचा मुडदूस आणि मोठ्यांची हाडे मऊ पडणे यांवर ड हेच औषध आहे. सिद्ध झालेल्या कमतरतेसाठी दर आठवड्याला साठ हजार एकके याप्रमाणे सुमारे आठ आठवडे देण्याची पद्धतही रूढ आहे. माझा आक्षेप पुडीला नसून ‘तपासणीविना’ आणि ‘आयुष्यभर’ या दोन शब्दांना आहे.

‘जास्तीचे लघवीवाटे निघून जाते’ हे विधान सरळसरळ चुकीचे आहे. ब आणि क ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, पण ड मेदात विरघळते आणि शरीरातील चरबीत साठून राहते. यकृतात त्याचे जे रूप तयार होते आणि जे आपण रक्तात मोजतो, ते निम्म्यावर यायलाच दोन ते तीन आठवडे लागतात. आता हिशेब करून पाहू. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज ६०० एकके धरली जाते, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची गरज भागते. दर आठवड्याला एक पुडी घेतली तर वर्षाला ३१,२०,००० एकके पोटात जातात आणि रोजची सरासरी साडेआठ हजारांच्या वर भरते. वैद्यकीय देखरेखीविना रोज घेण्याची वरची मर्यादा मात्र ४,००० एककांची आहे. ड च्या अतिमात्रेने कॅल्शियम चढून रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत, आणि त्यांत काश्मीरमधील रुग्णही आहेत. ज्या प्रदेशात कमतरता सर्रास आढळते, त्याच प्रदेशात विषबाधाही होऊ शकते.

यापुढचे दोन दावे सर्वांत घातक आहेत, त्यामुळे त्यांवर मी जास्त लिहिणार आहे.

‘कॅल्शियम वाढले म्हणजे हाडे मजबूत झाली.’ शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेला एक टक्का रक्तात व पेशींत असतो, आणि हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे काम हे सारे रक्तातल्या त्या अल्पशा अंशावर चालते. म्हणूनच शरीर तो अंश एका डेसिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात जपते. ही राखण थायरॉईडच्या मागच्या बाजूस असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी करतात. त्या इतक्या लहान आहेत की वैद्यकशास्त्राला त्यांचा पत्ता फार उशिरा लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांच्या नजरेस ती ग्रंथी पडली, आणि माणसातल्या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात ईवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० साली केले. रक्तातले कॅल्शियम जरा घसरले की या ग्रंथी आपले संप्रेरक सोडतात. ते संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून आणते, मूत्रपिंडाला कॅल्शियम अडवायला व फॉस्फरस सोडून द्यायला लावते, आणि मूत्रपिंडातच ड ला त्याचे अंतिम, क्रियाशील रूप मिळवून देते. त्या रूपामुळे आतडी अन्नातले कॅल्शियम अधिक शोषून घेतात.

याचा अर्थ असा की रक्तातला आकडा हाडांच्या साठ्याविषयी काहीच सांगत नाही. ड कमी असलेल्या माणसाच्या रक्तातले कॅल्शियम बहुधा अगदी व्यवस्थित असते, कारण तूट हाडांतून भरून काढली जात असते. उलट आकडा मर्यादेच्या वर गेला असेल तर कुठेतरी बिघाड झालेला असतो, आणि कित्येकदा नेमकी हाडेच झिजत असतात. कॅनडातील कॅल्गरी येथे तीन वर्षे चाललेल्या एका चाचणीत रोज १०,००० एकके घेणाऱ्यांच्या मनगटाजवळच्या हाडाची घनता ४०० एकके घेणाऱ्यांपेक्षा कमी भरली. तिचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला.

‘पॅराथायरॉईडचा आकडा पुडीने उतरतो’ या विधानाचा अर्धा भाग खरा असल्यामुळे ते अधिक फसवे आहे. संप्रेरक वाढलेले, कॅल्शियम सामान्य किंवा कमी आणि ड कमी, असा अहवाल असेल आणि मूत्रपिंडे ठीक असतील, तर ग्रंथी आपले काम चोख करत असतात आणि ड दिल्यावर आकडा खरोखर उतरतो. पण संप्रेरक वाढलेले आणि कॅल्शियमही वाढलेले असेल, तर चार ग्रंथींपैकी एखादी बेबंद झाली आहे, असा संशय प्रथम घ्यावा लागतो. अशा रुग्णांपैकी सुमारे ८० ते ८५ टक्क्यांत एकाच ग्रंथीवर साधी, कर्करोग नसलेली गाठ असते आणि ती शस्त्रक्रियेने काढता येते. कोणत्याही पुडीने ती विरघळत नाही. तिसरी शक्यता कॅल्शियम वाढलेले आणि संप्रेरक दबलेले अशी असते. त्या वेळी ड ची अतिमात्रा, कर्करोग किंवा क्षयासारखा आजार शोधावा लागतो, कारण क्षयाच्या गाठींतल्या पेशी मूत्रपिंडाला न जुमानता ड चे क्रियाशील रूप स्वतःच बनवू शकतात. क्षयाचे एवढे रुग्ण असलेल्या देशात सरसकट पुड्या वाटण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे.

आत्याच्या बाबतीत हेच घडले. वय ५८, पिंढऱ्या दुखणे, बद्धकोष्ठ, रात्री तीन-चारदा उठून पाणी पिणे आणि दोन वर्षांत दोनदा मुतखडा. संदेश वाचून तिने पुडी सुरू केली होती. स्वयंपाकघरातल्या एका जुन्या डब्यात तिने रिकाम्या पुड्या रबराने बांधून ठेवल्या होत्या, मी मोजल्या तर ७१ निघाल्या. दुखणे वाढले की ‘अजून अंगी लागलं नाही’ असे ती म्हणायची. शेवटी एकाच नमुन्यावर तिन्ही तपासण्या केल्या तेव्हा कॅल्शियम ११.६, ड ३८ आणि पॅराथायरॉईड संप्रेरक २१२ आले. त्या प्रयोगशाळेत संप्रेरकाची वरची मर्यादा ६५ होती. नुसते ड तपासले असते तर ‘पुरेसे आहे, चालू ठेवा’ असेच कोणीही सांगितले असते. कमतरता असलेल्या रुग्णाला गाठ असतानाही डॉक्टर बेताने ड देतात, हे मला ठाऊक आहे. मात्र तेव्हा कॅल्शियमवर सतत लक्ष ठेवलेले असते.

हृदयविकार आणि कर्करोग टळतात हा दावा थोडक्यात निकालात निघतो, कारण तो मोठ्या चाचण्यांत तपासला गेला आहे. अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना रोज २,००० एकके देण्यात आली, आणि पाच वर्षांनंतरही कर्करोग किंवा हृदयविकाराचे नवे रुग्ण कमी झाले नाहीत. २०२२ साली त्याच चाचणीतून अस्थिभंगही कमी झाले नसल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियात २१,३१५ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना दर महिन्याला ६०,००० एकके, म्हणजे आपलीच पुडी, पाच वर्षे दिली, तरी मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. वर्षातून एकदाच पाच लाख एकके दिलेल्या तिथल्याच वृद्ध स्त्रिया तर अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. या चाचण्यांतल्या बहुतेकांना मुळात गंभीर कमतरता नव्हती, हे मान्य. पण संदेशही ‘प्रत्येकाने घ्या’ असेच सांगतो, तेव्हा हा पुरावा त्याला लागू पडतोच.

राहता राहिले ऊन आणि चुना. त्वचेत ड तयार करणारे अतिनील किरण सूर्य खाली असताना वातावरणातच बहुतांशी शोषले जातात. सकाळी सातचे ऊन सुखद असते, पण त्याचा या कामी उपयोग नगण्य. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते ती वेळ उपयोगाची, आणि तीही काचेआड बसून नव्हे. गव्हाचा दाणा भरतो जेमतेम ४० ते ५० मिलिग्रॅम. तेवढा चुना अगदी कोरडा व शुद्ध धरला तरी त्यातून २७ मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळत नाही, आणि रोजची गरज १,००० मिलिग्रॅमची आहे. शंभर ग्रॅम नाचणीतून त्याच्या बारापट मिळते. प्रमाण वाढवावे तर चुना दाहक अल्कली आहे. पानासोबत पुष्कळ चुना खाणाऱ्यांत कॅल्शियम चढून मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी आहेत.

आत्याच्या मानेतून काढलेली गाठ दोन ग्रॅमची निघाली. निरोगी ग्रंथी साधारण ४० मिलिग्रॅमची असते. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. कॅल्शियम ७.४ पर्यंत उतरले होते, कारण वर्षानुवर्षे लुटली गेलेली हाडे आता रक्तातले कॅल्शियम ओढून घेत होती, आणि झोपी गेलेल्या बाकीच्या तीन ग्रंथी अजून जाग्या झाल्या नव्हत्या. तेव्हा मात्र डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड चे क्रियाशील रूप भरपूर दिले, सुरुवातीला रोज रक्त तपासून आणि सहा आठवडे मात्रा उतरवत नेऊन. गेल्या महिन्यात तिचे कॅल्शियम ९.३ आले. रबराने बांधलेल्या पुड्यांचा तो जुडगा तिने माझ्याकडे दिला आहे, पुढच्या वेळी कोणी तो संदेश पाठवला की दाखवायला.