दीड किलो पाणी

राजवाड्याजवळच्या ठेल्यावर पोह्यांची प्लेट हातात आली. वर शेव, जीरावन मसाला, कडेला गरम जिलबी. एवढ्यात मागून आवाज: "मराठी का?" मी बायकोशी फोनवर बोललेलं ऐकलं असणार. इंदुरात याला 'हो' म्हटलं की समोरच्याला आपले काका होण्याचा हक्क मिळतो.

"तीन आठवडे भात-पोळी बंद होती. दोन किलो उतरलो, म्हणून आज…" न विचारता मीच बोलून गेलो.

काकांनीही न विचारता माझ्या प्लेटमधली चिमूटभर शेव उचलली, जिलबी मोडली आणि दोन्ही डाव्या तळहातावर मांडलं. "जिलबीतली साखर, ग्रॅमला ४ कॅलरी. शेवेतलं तेल, ९."

"म्हणजे शेव वाईट?"

"वाईट कशाला? साखर म्हणजे ओट्यावरचा डबा. हात घातला की मिळालं. चरबी म्हणजे माळ्यावरची ट्रंक. माल दुपटीहून जास्त, पण शिडी लागते. शिडी म्हणजे ऑक्सिजन. बस पकडायला धावलात तर शरीर मुख्यतः डब्यातच हात घालणार. रमतगमत चाललात तर ट्रंकेतलंही निघतं." माळा म्हणून त्यांनी माझ्या पोटाकडे बोट केलं.

पाक त्यांच्या मनगटाकडे ओघळत होता. मागचा ओरडला, "भिया, लेक्चर बाद में, थोड़ा सरको!"

आमच्या माळ्यावर आजीचा तांब्याचा बंब आहे. दर दिवाळीला काढायचा ठरतो. म्हणजे माझ्या पोटाचं भवितव्य कळलंच.

"ते दोन किलो पहिल्याच आठवड्यात गेले ना? मग काटा अडला?"

"हो…"

"अंगात अर्धा किलोभर ग्लायकोजेन असतं, साठवलेली साखरच ती. ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून बसते. भात-पोळी बंद केली की ती संपते, पाणीही जातं. अर्धा अधिक दीड. झाले दोन! भात खा, परत येतील."

रामबागेतल्या सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं हो! एक पँट आत घ्यायला टाकलीय. आणि जिला महिन्याची फी आगाऊ मोजली, त्या डाएटवाल्या बाईंनी माझ्या वजनकाट्याचा फोटो स्टेटसला लावला, पण पाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फुकटात खरं सांगणारा भेटला तोही माझीच जिलबी हातात धरून.

काकांना आता तो तळहात रिकामा करायचा होता. इंदुरात रस्त्यावर टाकायची कोणाची हिंमत? त्यांनी ओल्या कचऱ्याचा डबा पाहिला, सुक्याचा पाहिला, आणि दोन्ही तोंडात टाकलं.

"शेव जरा सादळलीय," म्हणाले.