ऑगस्टमधला एक आठवडा म्हणजे सोरॉरिटी नव्हे

अमेरिकी विद्यापीठांमधल्या सोरॉरिटींविषयी, म्हणजे विद्यार्थिनींच्या सभासद-संघटनांविषयी, एक दावा सर्रास पुढे पाठवला जातो: त्या श्रीमंत गोऱ्या मुलींच्या टोळ्या आहेत, सभासद मुली एकत्र राहतात त्या त्यांच्या घरांत दारूच्या पार्ट्या रंगतात, काही शहरांत तर कायदाच त्या घरांना कुंटणखाना मानतो, आणि हे सारे पत्रकारांनीच उघडकीस आणल्यामुळे त्यात शंकेला जागा नाही.

कुंटणखान्याची गोष्ट निव्वळ दंतकथा आहे. ‘अमुक इतक्या मुली एका घरात राहिल्या की’ असे तिचे कलम सांगितले जाते, पण सांगणाऱ्यागणिक आकडा बदलतो आणि कलम कोणी दाखवत नाही. नात्याबाहेरच्या किती जणांनी एका घरात राहावे यावर काही गावांत निर्बंध आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या बेल टेर गावाचा असा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये वैधही ठरवला. मात्र तो स्त्री-पुरुष असा भेद करत नव्हता.

दारूचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरॉरिटींच्या महासंघातल्या २६ सोरॉरिटींच्या घरांत मद्याला बंदी असते. या मुली पीत नाहीत, असे मी म्हणत नाही. त्या पितात ते बहुधा फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलांच्या तशाच संघटनेच्या, घरी, जिथे दार कोणाला उघडायचे आणि पेल्यात काय ओतायचे हे मुले ठरवतात. शिस्तीसाठी केलेला नियम मुलींना दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागी नेऊन सोडतो, ही खरी बातमी आहे, आणि ‘पार्टीबाज मुली’ या मथळ्याखाली तीच दडपली जाते.

श्रीमंत आणि गोऱ्या, या प्रतिमेला २०२१ च्या ऑगस्टमध्ये नवे बळ मिळाले. अलाबामा विद्यापीठात सोरॉरिटीत प्रवेश मागणाऱ्या मुली वसतिगृहाच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून ड्रेस कुठला, बूट कुठले, हातातले कडे कुठले, हे टिकटॉकवर सांगू लागल्या आणि वृत्तवाहिन्यांनी तेच उचलले. हे व्हिडिओ खरे होते. पण ते एका विद्यापीठातल्या सोरॉरिटी-सभासदांच्या निवडीच्या एका आठवड्याचे होते. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी स्थापलेली अल्फा कप्पा अल्फा त्यात कुठेच नव्हती, हीच कमला हॅरिस यांची सोरॉरिटी. तिथेच १९१३ च्या जानेवारीत २२ जणींनी डेल्टा सिग्मा थीटा उभी केली आणि ३ मार्चला त्या वॉशिंग्टनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या. आपल्याकडून तिकडे गेलेल्यांच्या मुलींनाही ही गोष्ट परकी नाही: ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात १९९८ मध्ये दक्षिण आशियाई विद्यार्थिनींनी कप्पा फाय गॅमा सुरू केली.

आता ‘पत्रकारांनीच उघडकीस आणले’ याविषयी. वर्णभेदाचा आरोप खोटा नव्हता, आणि तो सिद्ध कसा झाला हे पाहण्याजोगे आहे. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये अलाबामा विद्यापीठाच्याच ‘क्रिमसन व्हाइट’ या विद्यार्थी वृत्तपत्राने छापले की परंपरेने गोऱ्या असलेल्या सोरॉरिटींमध्ये कृष्णवर्णीय उमेदवारांना माजी सभासदांच्या हस्तक्षेपामुळे नाकारले गेले. सोरॉरिटीतलीच एक मुलगी स्वतःचे नाव देऊन बोलली होती. विद्यापीठाला सोरॉरिटींची प्रवेशप्रक्रिया पुन्हा खुली करावी लागली. याउलट, व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीवर ‘रोलिंग स्टोन’ने २०१४ मध्ये सामूहिक बलात्काराचा जो लेख छापला, त्यात एकाच कथनावर विसंबून इतरांकडे पडताळणी केलेली नव्हती, २०१५ मध्ये तो मागे घ्यावा लागला. दोन्ही लेख कॅम्पसवरच्या संघटनांवर टीका करणारेच होते. फरक पडताळणीचा होता.

रॅगिंगच्या बातम्यांना हाच निकष लावावा. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यापीठांना रॅगिंगच्या सिद्ध झालेल्या प्रकरणांचा अहवाल संघटनेच्या नावासह प्रसिद्ध करावा लागतो, त्यामुळे वार्ताहराला ‘सोरॉरिटीत असे चालते’ असे मोघम लिहिण्याऐवजी कोणत्या संघटनेने, कुठे आणि कधी काय केले, हे लिहिता येईल.