संस्थेचा ई-मेल गेला, म्हणजे माणसाची अक्कलही गेली का?

संशोधन संस्थेतलं शास्त्रज्ञाचं कंत्राट संपलं की आयटीवाले आधी ई-मेल बंद करतात. ऑर्किडचा (संशोधकाच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकाचा) पासवर्ड त्याच मेलवर, जर्नलचा पत्रव्यवहार त्याच मेलवर, गूगल स्कॉलरवरच्या प्रोफाइलचं व्हेरिफिकेशनही त्याच मेलवर. पीएचडीनंतरचा कंत्राटी पोस्टडॉक काय, प्रोजेक्ट सायंटिस्ट काय, पेपरवर नाव हवं तेव्हा आपला, नंतर कोण तुम्ही?

म्हणून महिनाभर आधीच ऑर्किडला खाजगी मेल जोडा आणि तोच प्रायमरी करा. प्रिझम या आलेखांच्या सॉफ्टवेअरच्या फायलींतला डेटा सीएसव्हीत, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, काढून घ्या. मॅटलॅब या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स गेलं तर त्याच्या मॅट फायली फुकट मिळणाऱ्या पायथन भाषेच्या सायपाय लायब्ररीने उघडतात, पण व्हर्जन ७.३ मध्ये सेव्ह केलेल्या नाही. त्यांना एच५पाय ही पायथनचीच दुसरी लायब्ररी लागते, आणि त्यात मॅट्रिक्सच्या ओळी-स्तंभ अदलाबदल होऊन येतात. ट्रान्सपोज करायला, म्हणजे त्या परत उलटवायला, विसरलात तर आलेख चुकतो आणि चूक कुठे झाली ते शोधत बसावं लागतं.

पेपर वाचायचे? १ जानेवारी २०२५ पासून सगळ्यांसाठी एकत्र जर्नल्स घेणारी केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आलीय. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० जर्नल्स. पण फक्त सरकारी संस्थांत असलेल्यांना! घरी बसलेला शास्त्रज्ञ या नेशनमध्ये मोजत नाहीत वाटतं. मग पेपरची फुकट प्रत शोधून देणारं अनपेवॉल ब्राउझरला लावा, युरोप पीएमसी हा जीवशास्त्र-वैद्यकाच्या पेपरांचा खुला साठा धुंडाळा, नाहीतर लेखकाला दोन ओळींचा मेल टाका. लेखक बहुतेकदा पीडीएफ पाठवतात, ही त्यातल्या त्यात माणुसकी.

खरा संताप पुढे आहे. एका पेपरला ३०-४० डॉलर मागणारा प्रकाशकच तुम्हाला दुसऱ्यांचे पेपर फुकट तपासायला, म्हणजे रिव्ह्यू करायला, बोलावतो! तेव्हा नोकरी आहे का, कोणी विचारत नाही. करायचाच असेल तर मोबदला वसूल करा: एल्सेव्हियर हा प्रकाशक रिव्ह्यूअरला ३० दिवस सायन्सडायरेक्ट (त्याच्या पेपरांचा साठा) आणि स्कोपस (पेपरांची सूची) उघडून देतो. ते आपोआप सुरू होत नाही, क्लेम करावं लागतं. वाचायच्या पेपरांची यादी आधी तयार ठेवा, मगच बटण दाबा.

स्वतःचा पेपर सगळ्यांना फुकट वाचता येईल असा छापायचा तर या ओपन ॲक्सेसची फी दोन-तीन हजार डॉलर. गरीब देशांना माफी असते, पण मोठ्या प्रकाशकांच्या त्या यादीत भारत नाही, आपली अर्थव्यवस्था मोठी ना! त्यापेक्षा बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या संकेतस्थळावर प्रीप्रिंट (जर्नलआधीची पेपरची प्रत) टाका, तिथे पैसे लागत नाहीत. ॲफिलिएशनच्या, म्हणजे लेखकाच्या संस्थेच्या, रकान्यात जुन्या संस्थेचं नाव रेटू नका, सरळ 'इंडिपेंडंट रिसर्चर' लिहा. काम जुन्या संस्थेत झालं असेल तर मात्र तिचं नाव आलंच पाहिजे, सध्याचा पत्ता वेगळा द्या.

आणि योजना? सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेची पूल स्कीम पक्की नोकरी नसलेल्या शास्त्रज्ञांसाठीच काढलेली. तिलाही यजमान संस्थेचं, म्हणजे जिथे काम करणार तिचं, संमतिपत्र लागतं. ते मागायला गेलं की साहेब विचारतात, "तुम्ही सध्या कुठे असता?"