मतदानाची सक्ती आणि मजुराचा खाडा

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या आठवड्यात फोनवर मला बजावले की, मजूर मतदानाला जात नाहीत आणि गेलेच तर पैसे घेऊन मत देतात. तेव्हा ऑस्ट्रेलियासारखी सक्ती करावी आणि जो जाणार नाही त्याचे रेशन बंद करावे. मी सोळा वर्षे मेलबर्नमध्ये राहतो, म्हणून मला हे पटायलाच हवे, असे त्याला वाटते. मला ते मुळीच पटलेले नाही, कारण ज्या देशाचा तो दाखला देतो, तिथली अर्धीच गोष्ट त्याच्या कानावर गेली आहे.

इथे 1924 मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि 1922 साली 60 टक्क्यांहून कमी असलेले मतदान 1925 मध्ये 91 टक्क्यांवर गेले, हे खरे आहे. पण इथे मतदान शनिवारी होते, राज्यातल्या कोणत्याही केंद्रावर मत देता येते, शनिवारी पाळी असेल तर आधी जाऊन किंवा टपालाने देता येते, आणि चुकलेच तर दंड 20 डॉलर, म्हणजे तासाभराच्या किमान वेतनाहूनही कमी. गोदामात रात्रपाळी करणाऱ्या माझ्या शेजारणीला मतासाठी मजुरी सोडावी लागत नाही. तिच्यासारख्या सगळ्यांचीच मते पेटीत पडतात, म्हणून किमान वेतनाचा प्रश्न इथल्या कोणत्याही पुढाऱ्याला टाळता येत नाही.

खरे तर सक्ती कशी करावी हे बडोदेकराला मेलबर्नहून कुणी सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा ते मोफतही केले आणि शाळा गावोगाव नेल्या. याउलट स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारा गुजरातचा कायदा विधानसभेने 2009 मध्ये संमत केला, त्याला राज्यपालांची मान्यता 2014 मध्ये मिळाली, पुढच्या वर्षी 100 रुपये दंडाचे नियम निघाले, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. भाऊ त्या स्थगितीबद्दल हळहळतो. कडिया नाक्यावर रोज कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या, नाव दाहोदकडच्या गावच्या यादीत आणि पोट बडोद्यात अशा गवंड्याचे काय, या माझ्या प्रश्नाला मात्र त्याच्याजवळ उत्तर नाही. अशा माणसाला राहत्या शहरातूनच गावाकडचे मत देता यावे, म्हणून निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना पुढे आणला होता. एका यंत्रावर 72 मतदारसंघांचे मतदान होऊ शकेल अशी ती रचना होती. स्थलांतरित कोणाला म्हणायचे, दुसऱ्या राज्यात आचारसंहिता कशी पाळायची, या पक्षांच्या हरकती गंभीर होत्या; पण त्या सोडवण्यासाठी कुणी आग्रह धरला नाही, कारण ज्यांचे अडते त्यांचे मतच मोजले जात नाही. सुधारणा करायची तर या हरकती सोडवण्यापासून करावी, रेशन बंद करून नव्हे.

"तू नागरिकत्व बदललेस, तुझे मतही गेले, आता तुला काय त्याचे?" असे भाऊ शेवटी म्हणाला. ते मला लागले, आणि त्यानंतर आठवले ते अधिक लागले. वडिलांची बांधकामाची छोटी ठेकेदारी होती आणि हजेरीची वही माझ्याकडे असे. 1998 च्या निवडणुकीत आमचा एक गवंडी मत देण्यासाठी दाहोदकडे आपल्या गावी गेला आणि दोन दिवसांनी परतला. मतदानाच्या दिवशी रोजंदारीवरच्या माणसालाही भरपगारी सुटी द्यावी, असे कलम 1996 मध्येच लोकप्रतिनिधित्व कायद्यात आले होते. आमच्या घरात ते कुणाला ठाऊक नव्हते आणि कुणी विचारलेही नाही. तो गवंडीही काही बोलला नाही, पगाराच्या दिवशी कमी आलेले पैसे त्याने मोजून खिशात ठेवले. त्या वहीतले दोन्ही खाडे माझ्या हस्ताक्षरात आहेत.