'आवा मारू'वरचे नसलेले सोने

'आवा मारू' या दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी मालवाहू जहाजाविषयीचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. आमच्या काकांनी तो 'हे शाळेत का शिकवत नाहीत?' असा शेरा मारून सगळ्या नातेवाइकांना पाठवल्यामुळे हे लिहिणे भाग पडले. मजकूर म्हणतो की हे रुग्णालय-जहाज होते, त्यात चाळीस टन सोने आणि 'पेकिंग मानवा'चे (चीनमध्ये सापडलेल्या आदिमानवाचे) जीवाश्म होते, अमेरिकेने ते लुटीसाठी बुडवले आणि खजिना अजून समुद्रतळाशी आहे.

जीवाश्मांचा दावा सर्वांत हास्यास्पद आहे. ते डिसेंबर १९४१ मध्ये उत्तर चीनमध्ये हरवले आणि हे जहाज बांधून पूर्ण झाले १९४३ मध्ये. शेवटच्या सफरीत ते फेब्रुवारी १९४५ मध्ये जपानच्या मोजी बंदरातून निघाले आणि सिंगापूर, जकार्ता करून २८ मार्चला सिंगापूरहून परत फिरले. उत्तर चीनमधली हाडे शेजारच्या जपानला न्यायची, तर ती आधी सिंगापूरला कशाला नेतील? नागपूरहून वर्ध्याला कोचीमार्गे जाण्यातला हा प्रकार आहे.

सोन्याच्या अफवेला थोडा आधार आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने युद्धकाळात पकडलेले जपानी संदेश पुन्हा तपासले, तेव्हा सोन्याची वाहतूक झाल्याचे दिसले. मात्र ते जपानकडे नव्हे, तर थायलंडकडे गेले होते आणि परतीच्या जहाजात कथील व रबर होते. खुद्द चीनने १९७७ पासून १९८० पर्यंत हे जहाज खणून काढले. त्यांना सोने मिळाले नाही. मिळालेले मानवी अवशेष त्यांनी जपानला परत केले.

रुग्णालय-जहाजाचा दावाही चुकीचा आहे. युद्धकैद्यांसाठीचे मदतसाहित्य नेण्याच्या बदल्यात अमेरिकेने या जहाजाला सुरक्षित मार्गाची हमी दिली होती आणि त्यासाठी त्यावर पांढरे क्रूस रंगवले होते. ती हमी पाळली गेली नाही, हे मात्र खरे.

राहिला 'लुटीसाठी' हा शब्द. १ एप्रिलच्या रात्री दाट धुक्यात 'क्वीनफिश' या अमेरिकी पाणबुडीचे कप्तान लॉफलिन यांनी केवळ रडारवरच्या प्रतिमेवरून ही विनाशिका समजून चार टॉर्पेडो सोडले. दोन हजारांहून अधिक माणसे मेली आणि एकच वाचला. पाण्यातून उचललेल्या त्या माणसाकडूनच जहाजाचे नाव पाणबुडीला कळले. लुटायला निघालेल्याला ते आधी माहीत नको का? लॉफलिन यांच्यावर लष्करी खटला चालला, निष्काळजीपणाचा दोष सिद्ध झाला आणि शिक्षा झाली केवळ लेखी ताकिदीची. संताप करायचाच, तर त्या ताकिदीवर करावा आणि देश अमेरिकी ताब्यात असताना, १९४९ मध्ये, जपानने सोडून दिलेल्या भरपाईच्या दाव्यावर करावा. काकांच्या मजकुरात या दोहोंचा उल्लेखही नाही.