"सर्व्हे नको, टॅब द्या" वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

तो मेसेज मला परवा चौथ्यांदा आला, यावेळी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी ग्रुपवर, म्हटलं आता लिहूनच टाकू. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिक्षणाच्या आणि वस्तीतल्या उपक्रमांचं "मूल्यमापन" हा एनजीओ आणि प्रोफेसर लोकांचा धंदा आहे, त्या पैशात पोरांना पुस्तकं आणि टॅब द्या, चांगलं काम डोळ्यांना दिसतं ते मोजावं लागत नाही, निम्म्या मुलांना द्यायचं आणि निम्म्यांना मुद्दाम वंचित ठेवायचं हे पाप आहे, आणि एवढं करून तो रिसर्च कपाटातच पडून राहतो. खाली हात जोडलेले इमोजी.

"चांगलं काम डोळ्यांना दिसतं." मलाही असंच वाटायचं. काही वर्षं एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवायला जायचे, जूनमध्ये आम्ही पोरांची एक चाचणी घेतली, फेब्रुवारीत तीच परत घेतली, मार्क मस्त वाढलेले, फोटो टाकून रिपोर्ट केला, देणगीदार खूश, आम्ही त्याहून खूश. मग एका खडूस काकांनी विचारलं की अभ्यासिकेला न येणाऱ्या पोरांचे किती वाढले? आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. चिडून पुढच्या वर्षी त्याच गल्लीतल्या न येणाऱ्या पोरांचीपण चाचणी घेतली तर त्यांचेही जवळपास तेवढेच वाढले होते. आणि का नाही वाढणार, त्या आठ महिन्यांत शाळा चालूच होती की, पोरं वयानं मोठी होतच होती! त्यातून हेही कळलं की आमच्या अभ्यासिकेत निम्मा वेळ गृहपाठ उतरवण्यात जात होता. म्हणजे "आधी किती, नंतर किती" एवढं पुरत नाही, आपण नसतो तर किती झालं असतं हे कळायला हवं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही कारण ते घडलेलंच नसतं.

याचं माझ्या मते सगळ्यात अंगावर येणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 1939 साली केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन गावांत, पोरं वाया जाऊ नयेत म्हणून एक प्रोग्राम सुरू झाला. पाचशेच्या आसपास मुलगे, सारख्या परिस्थितीतल्या दोघांची जोडी लावायची आणि नाणं उडवून जोडीतला एक निवडायचा. निवडलेल्याच्या घरी समुपदेशक यायचा, अभ्यासात मदत, डॉक्टर, उन्हाळी शिबिर, हे सरासरी पाच वर्षं चाललं. कोणीही बघितलं तर म्हणेल वा, काय काम आहे. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या बाईंनी ती मुलं, आता चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये झालेले, शोधून काढली. प्रोग्राममधल्या दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की आम्हाला उपयोग झाला. आणि कोर्टाचे, हॉस्पिटलांचे, मृत्यूचे रेकॉर्ड काढले तर प्रोग्राममधल्यांचं दुसऱ्या गटापेक्षा वाईट झालं होतं, दारू, मानसिक आजार, पुन्हा गुन्हा, लवकर मरण, सगळ्यात. मदत मिळालेला माणूस स्वतः मनापासून "फायदा झाला" म्हणतोय आणि तरी तसं नाहीये, आता बोला. ते नाणं उडवलं नसतं तर आजही कुठेतरी हाच प्रोग्राम चालू असता आणि त्याला पुरस्कार मिळाले असते.

आता "पुस्तकं द्या, टॅब द्या." द्या ना, कोण नको म्हणतंय. फक्त देऊन काय होतं ते बघितलेलं आहे. केनियाच्या ग्रामीण शाळांना 1990 च्या दशकात पाठ्यपुस्तकं फुकट दिली, ज्या अभ्यासात मायकेल क्रेमर होते (2019 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबरचे), तर सरासरी मार्कांवर काहीच परिणाम नाही, फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. कारण पुस्तकं इंग्रजीत, जी तिथल्या बऱ्याच पोरांची तिसरी भाषा. पुस्तक हातात आहे पण वाचता येत नाहीये, हे आपल्याकडे काय वेगळं आहे का? 2024 च्या असर पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण निम्मीच दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. पाचवीचं पुस्तक कितीही गुळगुळीत कागदावर छापा.

टॅबचं तर विचारूच नका. पेरू देशानं नऊ लाखांवर लॅपटॉप वाटले, 319 प्राथमिक शाळांमध्ये त्याचा नीट अभ्यास झाला, गणित आणि भाषेत फरक शून्य. पण (हा "पण" फॉरवर्डवाल्यांनीही वाचावा आणि टॅबला शिव्या घालणाऱ्यांनीही) दिल्लीत 2015 मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांना शाळेनंतर एका सेंटरमध्ये कम्प्युटरवर शिकवलं, तिथे साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हीत चांगली वाढ दिसली. फरक काय, तर तिथलं सॉफ्टवेअर पोरगं खरंच कुठल्या पातळीवर आहे ते बघून तिथून सुरू करत होतं. सहावीतली पोरं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती! म्हणजे मशीन महत्त्वाचं नाही, त्यात काय चाललंय ते महत्त्वाचं, आणि हे मोजल्याशिवाय कळलं नसतं, नुसता फोटो काढला असता तर पेरूतली आणि दिल्लीतली पोरं स्क्रीनसमोर सारखीच गोड दिसली असती.

"पैशाची नासाडी." इथे मला मुंबईचा बालसखी उपक्रम आठवतो. तो चालवणारी "प्रथम" नावाची संस्था 1995 मध्ये मुंबईतच सुरू झाली. त्यांनी वस्तीतल्याच शिकलेल्या मुली घेतल्या, महिना 500 ते 750 रुपये मानधन, आणि वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस पोरं रोज दोन तास बाजूला घेऊन अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी एवढंच करायचं. मुंबई आणि वडोदऱ्यात 2001 ते 2003 मध्ये याचा अभ्यास झाला. मार्क वाढले, पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त, आणि वाढले ते मुख्यतः तळातल्या पोरांचे. खर्च मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, म्हणजे तेव्हाचे शंभर-सव्वाशे रुपये. अजून एक गंमत, पंधरा-वीस पोरं बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला होता, तरी आत उरलेल्या पोरांचे काही विशेष वाढले नाहीत. वर्ग लहान केला की झालं, असं आपण सगळे छातीठोक सांगतो. आणि हो, लपवत नाही, उपक्रम थांबल्यावर एका वर्षात फायदा बराच ओसरला, हेही त्याच अभ्यासात लिहिलंय. धंदाच करायचा असता तर हे कशाला छापलं असतं.

"निम्म्यांना वंचित ठेवणं पाप." वडोदऱ्यात काय केलं बघा, निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली, निम्म्यांना चौथीसाठी, पुढच्या वर्षी उलट. एकही शाळा रिकामी नाही गेली, तरी तुलना झाली. आणि जिथे जागाच शंभर आणि अर्ज तीनशे तिथे चिठ्ठी टाकली तर त्यात पाप कसलं, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) पंचवीस टक्के जागांसाठी आपण सोडतच काढतो ना, उलट चिठ्ठी नसेल तर नगरसेवकाच्या ओळखीनं नंबर लागतो हे मी काय वेगळं सांगायला नको. एक खरं, हमखास उपयोगी आहे हे माहीत असलेली गोष्ट हातात असून नाकारली तर ते वाईटच. पण इथे तेच तर माहीत नसतं.

"रिसर्च कपाटात पडतो." गडचिरोलीला जा. अभय आणि राणी बंग या डॉक्टर जोडप्याच्या "सर्च" संस्थेनं 1995 पासून 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा उपक्रम केला, तुलनेला 47 गावं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्या बाळाला तपासायच्या, उबेत ठेवायला शिकवायच्या, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. नवजात मृत्यूदर तुलनेतल्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाला, 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आता विचार करा, त्या 47 गावांचे आकडे नसते आणि कोणी दिल्लीला जाऊन सांगितलं असतं की कमी शिकलेली बाई झोपडीत बाळाला इंजेक्शन देते आणि बाळ वाचतं, तर दारात तरी उभं केलं असतं का? 2011 पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळाच्या घरभेटी करतात त्याचं मूळ तिथे आहे. (इंजेक्शनचा भाग मात्र त्यांच्या हातात तसा आला नाही, तो वेगळ्या भांडणाचा विषय.)

आणि कपाटात पडतं तेव्हाही का पडतं ते बघावं लागतं. तीच बालसखीवाली कल्पना सरकारी शाळांत नेली तेव्हा बिहारमध्ये नुसतं साहित्य आणि ट्रेनिंग देऊन काही हललं नाही. मग हरियाणात 2012-13 मध्ये रोजचा एक तास वेगळा काढला, तिसरी ते पाचवीची पोरं इयत्ता सोडून पातळीप्रमाणे बसवली आणि शिक्षकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी माणसांनाच आधी काही दिवस स्वतः शिकवायला लावलं, तेव्हा हिंदी वाचन सुधारलं. आपल्या केंद्रप्रमुखांना कोणी असं पंधरा दिवस वर्गात उभं केलं तर काय होईल, मनातल्या मनात विचार करून हसू आलं.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट मात्र बरोबर आहे, झेडपीचे गुरुजी आणि बाई खरंच माहिती भरून पिचलेत. ही लिंक, ते अ‍ॅप, उपक्रमाचा फोटो अपलोड करा, आज संध्याकाळपर्यंत. पण ते मूल्यमापन नाहीच. किती टॅब वाटले, किती मेळावे झाले, किती सह्या, यातून पोराला वाचता येतं की नाही कुठे कळतंय? ते बंद करा म्हणाल तर माझी पहिली सही.

आता ग्रुपवर आपल्या गावच्या शाळेला टॅब द्यायची वर्गणी चालू आहे, माझे पैसे मी कालच पाठवलेत. फक्त एक करूया, टॅब पोचायच्या आधी एक शनिवार काढून तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक पोराला एकेकटं बसवून एक परिच्छेद वाचायला लावू, आणि शेजारच्या वाडीच्या शाळेतल्या पोरांनाही, जिथे टॅब जाणार नाहीयेत. परत मार्चमध्ये. पट छोटा आहे, आपण सहाजण असलो तर दुपारपर्यंत होईल. मी येतेय, अजून पाच नावं द्या.